येणे बाकी

खर्ज छेडला की मागून कुणीतरी
पत्र्याच्या डब्यात माशी कोंडल्यासारखं करायचं.
जव्हारी नव्हे. जव्हारी मला कळते,
तीस वर्षं तासगावात पोरींना सा लावायला शिकवते आहे.
जव्हारी तारेवरून उजेड घसरावा तशी येते.
हा आवाज उपरा होता,
आमंत्रण नसताना पंगतीत बसलेला.

एसटीत दोन तिकिटं काढली, माझं आणि तंबोऱ्याचं,
आणि मिरजेला उतरले.
इथे एक्स-रेचं पाकीट काखेत धरून उतरतात लोक,
नाहीतर खोळीतलं वाद्य.
खोळ दिसत असूनही रिक्षावाल्यानं विचारलंच,
"कुठला दवाखाना?"

दस्तगीर शिकलगारांनी आधी चहा सांगितला.
मग तंबोरा मांडीवर आडवा घेऊन, डोळे मिटून
नुसता खर्ज वाजवत बसले
आणि डाव्या अंगठ्यानं एकेक जागा दाबत गेले.
मणी दाबला. वाजतोय.
खुंटी दाबली, तारदान दाबलं. वाजतोय.
घोडीवरचा दोरा काढला, तार मुकी झाली,
तरी तो मागे आपला चालूच.
तबलीवरच्या वेलबुट्टीचं एक पान उचकटलेलं होतं,
मला वाटलं, सापडला.
"ती बिचारी गप हाय," ते म्हणाले.

खिळ्याला एक स्टेथोस्कोप लटकत होता,
कुण्या डॉक्टरनं सतारीच्या मजुरीऐवजी दिलेला.
तो भोपळ्याच्या पाठीला लावून म्हणाले, "छेडा."
नळी पाठभर फिरली
आणि डाव्या कुशीला थांबली.
"हितं. आत. कायतरी सुटलंय.
तबली उघडाय लागंल."

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले.
समोर एक पोरगा भल्यामोठ्या भोपळ्यात खांद्यापर्यंत हात घालून
वाळकी आतडी खरवडत होता.
गरम सुरी सरसातून गेल्याचा वास आला,
जळक्या शिंगाचा.

हाक आल्यावर आत गेले, बॅटरी धरली.
जुन्या चिरेवर आतून डकवलेली
कागदाची एक पट्टी,
तिचा एक कोपरा सुटून पापणीसारखा उभा.
रेघी वहीचा कागद. तपकिरी झालेली शाई.
दस्तगीरभाईंनी चष्मा पुसला.
"बाबांचं अक्षर."
आणि अडखळत वाचलं:
सरूबाई हुपरीकर. खर्जाची तार, जव्हारी.
येणे रु. ११. दसऱ्याला देते म्हणाल्या.

सरूबाई म्हणजे माझ्या बाई.
अर्धी मात्रा चुकली तर चप्पल घालायला लावायच्या.
फी एक तारखेला, तीही दुपारच्या आत.
बेळगावला मुलाकडे निघाल्या तेव्हा तंबोरा माझ्या हातात देऊन
उंबऱ्यातच म्हणाल्या होत्या,
"कुणाचं देणं ठेवून जात नाहीये मी."

मला हसू आवरेना.
दस्तगीरभाईही हसले, पण जरा उशिरा.
कुठला दसरा, ते लिहिलेलं नव्हतं.

मी पर्समधून दहाची नोट काढली, वर एक रुपया.
त्यांनी हात मागे घेतला.
"घेऊन खोडू कशात? वही तर तुमच्या भोपळ्यात.
अन् बाई, हे फिटलं, तर चीर कोण धरणार?"
सरसाचं बोट फिरवून त्यांनी कोपरा बसवला,
वर अंगठा ठेवला
आणि तसेच बसून राहिले.
जंक्शनात एक गाडी आली, थांबली, गेलीसुद्धा.
सरस इतका वेळ घेत नाही, एवढं मलाही कळतं.

चौथ्या दिवशी तंबोरा आणला.
खर्ज स्वच्छ, विहिरीच्या तळासारखा.
परतीच्या एसटीत खिडकीची काच थरथरत होती,
मी अंगठ्यानं दाबली. वाजतेय.
समोरच्या सीटचा दांडा दाबला. वाजतोय.
वरच्या फळीकडे हात नेला तेव्हा
पुढची मुलगी वळून बघायला लागली,
म्हणून हात परत खोळीवर ठेवला.